अध्यक्षांचा पूर्ण विश्वास

हॅरोक्लफच्या फुटबॉल क्लबात एडना ग्रिमशॉ एकतीस वर्षं खेळाडूंचे कपडे धूत होती. तेवढ्या काळात चौदा मॅनेजर झाले. नव्या मॅनेजरच्या जाकिटावर त्याची आद्याक्षरं गरम यंत्राखाली दाबून चिकटवायची ती एडनानंच, आणि त्याला हाकललं की सोलून काढायची तीही एडनानंच.

कॉलिन प्रुएट चौदावा. येऊन पाच महिने झालेले, सलग सात सामने हरलेला. तो फार हुशार आहे असं एडनाचंही म्हणणं नव्हतं. पण गोल करणारे दोघे अध्यक्षांनी उन्हाळ्यातच विकले, आणि व्हिनेगर मारलेले चिप्स चघळत लोक उद्धार करत होते प्रुएटच्या आईचा. एडना त्यांना सांगे, रक्ताचा डाग थंड पाण्यात भिजत ठेवावा लागतो. घाईनं उकळतं ओतलं की कायमचा बसतो. ऐकतंय कोण!

बुधवारी सकाळी अध्यक्षांचं पत्रक निघालं: मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे. असं पत्रक निघालं की माणसानं बॅगा भरायला घ्याव्यात, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. प्रुएटची ही पहिलीच नोकरी. तो खुशीत धुलाईघरात आला. कार्लाइल गावातल्या आपल्या घराला गिऱ्हाईक मिळालंय, शुक्रवारी सह्या, मग बायको-मुली इकडेच, असं सांगून गेला.

दुपारी अध्यक्षांच्या सेक्रेटरीणबाई नवं जाकीट घेऊन आल्या. चिठ्ठीवर अक्षरं होती ‘आर. टी.’. शनिवारपर्यंत हवंय, कुठं बोलू नकोस, म्हणाल्या.

एडनाला किळस आली. अध्यक्षांची आलीच, पण याआधी तेरा वेळा आपण मुकाट्यानं अक्षरं चिकटवली, त्याची जास्त आली.

गुरुवारी तिनं ते जाकीट चिठ्ठीसकट प्रुएटपुढे टाकलं.

“घर विकू नकोस, बाबा.”

“अहो, पण त्यांनी कालच विश्वास...”

“विश्वास असता तर छापला कशाला असता? माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षांत एकदा तरी पत्रक काढलंय का?”

तो हसला. मग त्यानं चिठ्ठी वाचली आणि ओल्या टॉवेलांच्या ढिगावरच बसला. तिथूनच त्यानं बायकोला फोन लावला. सह्या करायच्या नाहीत, एवढंच सांगितलं. का, ते त्याला सांगवेना.

शुक्रवारी त्याला काढलं. पेपरात आलं, ‘परस्पर संमतीनं’.

अध्यक्ष स्वतः खाली धुलाईघरात आले. त्याला आधीच कुणी सांगितलं, म्हणून विचारलं.

“मी.”

“तीस वर्षं क्लबचं मीठ खाल्लंस, एडना.”

“मीठ कसलं, साहेब? तुमची घाण धुतली.”

तिला काढलं नाही. तेवढ्या पगारात दुसरी कोण येणार होती?

शनिवारी नवा मॅनेजर मैदानात आला. सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. तीच तोंडं, तेच चिप्स. आता लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. बाहेर पडताना एकानं एडनाला थांबवून मोठ्या समजूतदारपणे सांगितलं, या माणसाला जरा वेळ द्यायला हवा.