डावं-उजवं सारखं

मुलाची शर्यतीची गाडी मी स्वतःच्या हातानं बिघडवली, आणि वर सुधारली या समजात त्याच्यासाठी चहा टाकायला गेले. दोन हजार पाच-सहाचं साल असेल. तेव्हाची मी पन्नाशीची, टेमघरला आमचे कापड विणायचे बारा लूम, आणि जगातलं कुठलंही मशीन आपल्याला कळतं असा तोरा.

अंजूरच्या आमच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये त्यानं जुनी स्पोर्ट्स कार आणून ठेवली होती. पहिल्या शर्यतीसाठी दोन दिवस तो तिचं वजन जुळवत होता. चार चाकांखाली चार वजनकाटे, चाकं सरळ आहेत का ते बघायला दोन्ही बाजूंना ताणलेला दोरा, आणि सीटवर त्याच्या वजनाइतकं सुताच्या कोनांचं पोतं.

"तुझ्यापेक्षा पोतं गुणी हाय, उलट बोलत न्हाय," मी म्हटलं.

"आई, तू पण जरा पोतं हो ना," तो म्हणाला.

स्प्रिंगखालचं कडं थोडं फिरवायचं, काटे बघायचे, पुन्हा फिरवायचं. एकदाचं जुळलं. मग चाकं काढून तो नवे टायर बसवून आणायला गेला. मी वाकून पाहिलं, तर डाव्या-उजव्या कड्यांची उंची वेगळी! लूम बसवताना आम्ही चारी पाय एका पातळीत आणतो, नाहीतर तो नाचतो. वाटलं, पोरगं दमून चुकलं. तिथलाच पाना घेतला आणि बोटांनी मोजून डावं-उजवं सारखं केलं. साडीला ग्रीस लागलं, त्याचाही केवढा अभिमान!

आल्यावर त्यानं घाईत चाकं चढवली आणि गाडी तशीच ट्रकवर घातली. शर्यतीत ती डावीकडे गुमान वळायची, उजवीकडे मागून घसरायची. तो शेवटचा आला.

"वजन मलाच जुळवता आलं न्हाय. माझ्या हातचं ते कामच न्हाय," घरी येऊन म्हणाला. मी भाकऱ्या थापत होते. तेव्हा कुठं मला उमगलं, चारी काट्यांवरचं वजन जुळावं म्हणून ती कडी त्यानं मुद्दामच खाली-वर ठेवली होती. खरं सांगितलं तर माझी अक्कल चव्हाट्यावर आली असती. म्हणून शहाण्यासारखं म्हटलं, "जाऊ दे, लूम हायेत ना आपले."

तीन महिन्यांनी त्यानं गाडी विकून टाकली. ती गेली त्या संध्याकाळी मला राहवेना, सगळं सांगितलं. तो गोडाऊनचं शटर ओढत होता, अर्ध्यावरच थांबला.

"गाडी गेली त्याचं काय न्हाय, आई. तीन महिने मी माझ्याच हातांना नावं ठेवली, आणि तू रोज समोर बसून मला जेवायला वाढत होतीस."