वरचं पाणी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघांनी विहिरींचं पाणी निवडलं. माझा जोडीदार दिंडोरीजवळच्या गावचा. नमुने त्याच्याच मळ्यातून मिळणार होते. तिथे दोन विहिरी. ओढ्याकाठची खालची, आणि द्राक्षबागेच्या मधोमध उंचवट्यावर वरची. घरात पाणी येई ते वरचीचं.

नायट्रेट तपासताना पाणी आटवायचं, उरलेल्या अंशात आम्ल आणि मग अमोनिया घालायचा. पिवळा रंग येतो. जितका गडद, तितकं नायट्रेट जास्त. खालच्या विहिरीचा नमुना लिंबू सरबतासारखा आला. वरचीचा, बाटली क्रमांक तीन, हळदीच्या पाण्यासारखा.

"पुन्हा करा," सर म्हणाले. "चूक तुमची असली तर बरं."

पुन्हा केलं. चूक आमची नव्हती. तेव्हा सरांनी विचारलं, "या पाण्यावर घरात कोणी तान्हं आहे?"

जोडीदाराची बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ पाच आठवड्यांचं. सरांनी सांगितलं, मोठ्यांना लगेच काही होत नाही. पण बाटलीच्या दुधातून हे पाणी तान्ह्याच्या पोटात गेलं, तर त्याचं रक्त प्राणवायू नेईनासं होतं. बाळ निळं पडतं.

जोडीदाराने तिथूनच घरी फोन लावला, स्पीकरवर.

"आई, बाळाला वरचं देता का गं?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "वरचं कशाला देऊ? लय दूध हाय तिच्या अंगावर. कोण बोललं तुला? आत्या ना तुझी?"

"कोणी नाही गं."

"मग बायकांच्यात तोंड नको घालू. तुझं केमिकल शिक तिकडं."

फोन बंद झाला. तो सुटल्यासारखा हसला. सर हसले नाहीत. "तू विहीर हा शब्द उच्चारलास का?"

उच्चारला नव्हता. आईचं दूध सोडून तान्ह्याला जे पाजतात, त्यालाही वरचंच म्हणतात. त्याने पाण्याबद्दल विचारलं होतं. तिने लेकीची लाज राखली होती. त्याने पुन्हा फोन लावला. तिने उचलला नाही.

आम्ही मोटरसायकलने निघालो. डिसेंबरची दुपार, ऊन असूनही वारा बोचरा. वाटेत तो एकदाच बोलला. रविवारी नमुना भरताना बहिणीने त्याला हाक मारून पातेलंभर पाणी मागितलं होतं. ते त्यानेच भरून दिलं होतं.

स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं होतं. शेजारी दुधाच्या पावडरचा डबा, वर टॉवेल टाकलेला. त्याने टॉवेल उचलला.

"दोनच बाटल्या देतो दिवसाच्या," आई म्हणाली. "आणि कच्चं नाय देत. चांगलं उकळून उकळून, निम्मं आटवून देतो."

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटलं की ते दाट होतं. सकाळी प्रयोगशाळेत आम्हीही पाणीच आटवलं होतं.

बहीण अंगणात उन्हात बसली होती. कानटोपीतलं बाळ तिच्या मांडीवर. "थंडी बाधते रे याला," ती म्हणाली. "ओठ बघ कसे होतात."

जोडीदाराने बाळाचा मोजा काढला. नखं निळी होती. पाय मात्र गरम होता.

शेजाऱ्याच्या जीपने नाशिक गाठलं. डॉक्टरांनी रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपला. आठवडाभर आम्ही दोघे रंगावरून अंदाज बांधत होतो. हा थेंब तपकिरी होता, आणि हवेत राहूनही लाल झाला नाही. जोडीदाराने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पाणी कुठलं देता?" डॉक्टरांनी विचारलं.

बहिणीने आईकडे पाहिलं. आई खाली बघत म्हणाली, "वरचं. वरच्या विहिरीचं."

मग नर्स इंजेक्शन घेऊन आली. त्यातलं औषध गर्द निळं होतं. आम्हाला ते माहीत होतं; तोच रंग प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या काचांवर वापरतात. बाळाच्या आजीला माहीत नव्हतं. तिने नर्सचा हात धरला.

"नको ओ बाई," ती म्हणाली. "आणखी निळं नका करू त्याला."

जोडीदाराने तिची बोटं एकेक करून सोडवली. औषध शिरेत जाऊ लागलं. आम्ही चौघे बाळाच्या ओठांकडे बघत उभे राहिलो. ते लाल होईपर्यंत.