पाण्यातला निवर

आमच्या गावच्या तळीत निवराचं एक झाड आहे. पावसाळाभर ते कमरेएवढ्या पाण्यात उभं असतं, तरी त्याचं मूळ कुजत नाही. त्याच्या लाल फुलांच्या माळा पाण्यावर लोंबतात. देखणंच म्हणायचं, पण ज्या पाण्यावर ते जगतं, त्याच पाण्यातल्या माशांना गुंगी आणणारं विष त्याच्या सालीत आहे.

उन्हाळ्यात तळी डबक्याएवढी उरली, की शेजारचे दाजीकाका झाडाला हात जोडून थोडी साल काढतात आणि ठेचून पाण्यात कालवतात. घटकाभरात मासे गुंगून वर येतात. मोठे टोपलीत जातात. पिल्लं काका जवळच्या वाहत्या झऱ्यात सोडतात, तिथं ती शुद्धीवर येतात.

यंदा घटका गेली, दुसरीही गेली. पाण्यावर नुसता सालीचा फेस तरंगत होता.

“साल जून झाली आसतली,” असं म्हणत काका कोयता घेऊन पुन्हा झाडाकडे वळले.

मी समोरच्या काठाकडे बघत राहिलो. मासळीची खबर आमच्याआधी बगळ्यांना असते. दरवर्षी आम्ही पोचतो तेव्हा ते तिथं रांगेनं बसलेले असतात.

आज काठावर एकही बगळा नव्हता.