पन्नास सेकंदांचे दार

तीस वर्षे दातेरी चाके कापलेल्या माणसाचा आकड्यांवर जो विश्वास बसतो, तो इतरांच्या वाट्याला सहसा येत नाही. चाकाला साठ दाते असतील तर साठच असतात. साहेब आले म्हणून ते एकसष्ट होत नाहीत. थोरल्याचा जीव अशा हिशेबात रमे. दोन खोल्यांच्या कारखान्यात तो आणि त्याची धाकटी बहीण, दोघेच. गल्ली त्याला ‘दातेदादा’ म्हणे, आणि तो ते कौतुक समजूनच घेई.

इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी धुतलेल्या चादरी वाहणारा रोबो मागितला, तेव्हा अट एकच घातली. चोवीस मीटरच्या बोळाच्या या टोकाचे बटण दाबले की त्या टोकाचे दार पन्नास सेकंद उघडे राहते. तेवढ्यात रोबोने पार झाले पाहिजे.

दादाने कारखान्याच्या दारावर खडूने गणित मांडले. मोटरचे मिनिटाला तीन हजार फेरे. तीसास एक असा गिअर, म्हणजे चाकाचे शंभर. चाकाचा व्यास दहा सेंटीमीटर, म्हणजे एका फेऱ्यात एकतीस सेंटीमीटरची वाट. मिनिटाला एकतीस मीटर. बोळ शेहेचाळीस सेकंदांत पार.

धाकटीने रोबोवर चादरींच्या वजनाचे लोखंड रचले, चाकावर खूण केली आणि घड्याळ लावून फेरे मोजले. शंभर नव्हते, चौऱ्याहत्तर होते. तिने दादाच्या आकड्याखाली लिहिले : बासष्ट सेकंद.

“मोटरच्या पाटीवर तीन हजार कोरलंय,” दादा म्हणाला. “पाटी खोटी बोलते?”

“पाटी खरंच बोलते रे, पण रिकाम्या मोटरचं बोलते. दोन भरल्या पिशव्या घेऊन जिना चढतोस तेव्हा तुझं काय होतं?”

“मी दमतो. मोटर दमत नाही.”

“तीही दमते. फक्त तुझ्यासारखी कुरकुरत नाही.”

एरवी तो हसला असता. पण नेमक्या त्याच वेळी मेट्रनबाई काम पाहायला आल्या होत्या, आणि धाकट्या बहिणीने चारचौघांत चूक काढावी हे त्याच्या जिवाला झोंबले. त्याने शर्टाच्या बाहीने बासष्टचा आकडा पुसून टाकला. “हिला शंका काढायची खोडच आहे,” तो बाईंना म्हणाला.

चाचणीच्या दिवशी बोळात वॉर्डबॉय, परिचारिका, दोन डॉक्टर असे सगळे जमले. रोबो निघाला, सरळ आणि सावकाश. पन्नासाव्या सेकंदाला दार मिटले तेव्हा तो चार-पाच मीटर मागे होता. मिटल्या दाराला जाऊन त्याने धडक दिली आणि चादरींची चळत जमिनीवर आली.

“काय झालं हो?” बाईंनी विचारले.

खरे उत्तर दादाच्या ओठांशी आले होते. “बॅटरी कमी पडली असेल,” तो म्हणाला.

बाई धाकटीकडे वळल्या. “तुम्ही भरली नव्हती का?”

तिने एकदाच दादाकडे पाहिले. त्याने चादरी उचलायला घेतल्या होत्या. “राहिली माझ्याकडून,” ती म्हणाली.

आठवड्याभराने तिने बरीच दमदार मोटर बसवली आणि रोबो अठ्ठेचाळीस सेकंदांत पार झाला. काम टिकले, बाई खूश झाल्या. मात्र इस्पितळात तिचे नाव ‘बॅटरीताई’ पडले ते पडलेच. दादाबरोबर देखभालीला गेली की कुणीतरी विचारीच, “काय बॅटरीताई, आज भरून आलात ना?” वर्षभर तिने ते हसण्यावारी नेले. मग दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि स्वतःची हत्यारांची पेटी तेवढी घेऊन गेली.

दादाने पुढे ओझे ठेवून फेरे मोजल्याशिवाय एकही रोबो बाहेर पाठवला नाही. मोजून झाल्यावर आकडा सांगायला मात्र खोलीत कुणी नसे.

सात वर्षांनी तो तिच्या घरी गेला. चहा निवेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग तो म्हणाला, “त्या दिवशी बॅटरी भरलेली होती.”

“मला काय सांगतोस? मीच भरली होती.”

“चुकलो मी.”

“ते बाईंना सांगायचंस, दादा.”

“गेलो होतो. त्या निवृत्त झाल्यात. कुठे राहतात, कुणालाच ठाऊक नाही.”

तिने कप बाजूला सारला. “बाईंचा मला कधी राग आला नाही. त्यांना काय माहीत होतं? ते सगळे चिडवायचे ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघायचे. तूही हसायचास.”

ते हसू खोटे उघडे पडण्याच्या भीतीचे होते, असे त्याला सांगावेसे वाटले. पण कारणे देण्याचा आपला हक्क कधीच संपला आहे, हे त्याला आता कळत होते.

“हो,” तो म्हणाला. “हसायचो.”