गेल्या वर्षीचं मनन

नऊ फेब्रुवारीला काटेवाल्याने चर्चच्या मंडळीच्या कार्यालयात दोनशे चाळीस रुपये भरून रोजच्या मननाच्या पुस्तिकेची वर्गणी आणखी एका वर्षासाठी चालू ठेवली. खरं तर त्या सकाळी तो पाळकसाहेबांना सांगायला गेला होता की, वाचनाचं काम आता दुसऱ्या कुणाकडे द्या. पण पाळकसाहेब कुणाच्या तरी लग्नाची तारीख ठरवत बसले होते, मागे माणसं खोळंबली होती आणि कारकुनाने "वर्गणी ना?" म्हणून पावतीपुस्तक पुढे ओढलं. नाही म्हणायला बळ लागतं. त्याने पैसे भरले आणि दुकान उघडायला गेला.

काटेवाला म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. वाण्याचे, भंगारवाल्याचे, दवाखान्यात बाळं ठेवायचे, सगळे काटे त्याच्याकडे येत. मंडळीतही त्याला काटेवालाच म्हणत. त्याचं खरं नाव फक्त बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात उरलं होतं.

वाचनाचं खूळ त्याच्या बायकोचं. सहा वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, "दिवसभर काट्यांशी बोलता, सकाळी दोन मिनिटं माणसांशी बोला." तेव्हापासून तो रोज पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पुस्तिकेतलं त्या दिवसाचं पान वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करायचा आणि ज्यांना उपासनेला येता येत नाही अशांना पाठवायचा. कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणी रात्रपाळीवरून परतणारं, कुणी घरातल्या आजाऱ्याला सोडून हलू न शकणारं. बायको शेगडीजवळ उभी राहून ऐकायची आणि वाचन संपलं की निकाल द्यायची. "आज काय, कुणी मागे लागलं होतं का? जरा दम खात जा की."

गेल्या ऑगस्टमध्ये ती गेली. तीन आठवड्यांचं दुखणं. पुरलं त्या दिवशीही त्याने सकाळचं पान वाचलं. मंडळीत त्याचा केवढा बोलबाला झाला! "याला म्हणतात विश्वास," असं म्हणत लोक त्याचा हात दाबायचे. तो हात दाबू द्यायचा. विश्वास कुठला, सवय होती. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांत्वनाची प्रार्थना केली तेव्हा त्याच्या मनात आलं होतं की, वरच्या पंख्याला तेल हवंय.

महिने गेले तरी तसंच. दुःख नाही, दिलासा नाही. जेवण पोटात जायचं, चव लागायची नाही. गाणी म्हणताना तोंड हलायचं. आणि हाच माणूस रोज सकाळी लोकांना सांगणार, धीर धरा, प्रभू जवळ आहे. ज्याला स्वतःला भूक नाही, त्याने पंगतीत वाढायला कशाला जावं? हे त्याला खुपत होतं, नव्हे, खुपायला हवं असं त्याला कळत होतं. प्रार्थनेला बसलं की दोन वाक्यांनंतर शब्द संपायचे आणि तो तसाच भिंतीकडे बघत बसायचा.

वर्गणी भरल्यानंतरच्या आठवड्यात एका पहाटे त्याने पान उघडलं, पहिली ओळ वाचली आणि पुढे जीभ उचलेना. गळा दाटला वगैरे काही नाही. नुसती उचलेना. फोनमध्ये गेल्या वर्षीची सगळी वाचनं तारीखवार पडून होती. त्याने त्याच तारखेचं शोधलं आणि पाठवून दिलं. ऐकलंसुद्धा नाही.

पाचच मिनिटांत "आमेन" यायला लागले. जोडलेले हात आले. एकाने लिहिलं, "आज अगदी मनाला भिडलं." काटेवाल्याने चहा टाकला. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच केलं. तिसऱ्या दिवशी त्याने पुस्तिका टेबलावर आणलीच नाही.

ज्यांना हे वाचन जायचं त्यांत एक नर्सआत्या होती. सरकारी दवाखान्यात उभा जन्म काढलेली, तोंडाने तिखट. ती काटेवाल्याची सख्खी आत्या नव्हे. साऱ्या मंडळीचीच आत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून वर्षभर ती पलंगावर होती. ती नुसतं ऐकायची नाही. तिच्याकडेही तीच पुस्तिका यायची आणि काटेवाला वाचत असताना ती ओळीखाली बोट फिरवत जायची. सलग तीन दिवस बोट एकीकडे आणि आवाज दुसरीकडे गेला, तेव्हा तिने मंडळीच्या कार्यालयात फोन करून कारकुनाला फैलावर घेतलं. पैसे घेता आणि काटेवाल्याच्या माथी चुकीची पुस्तिका मारता?

पाळकसाहेबांनी दुकानात फोन केला. "काटेवाले, तुमच्या पुस्तिकेत आजच्या पानावर काय आहे हो? आत्यांनी आमच्या कारकुनाची पार धूळधाण केलीय."

"बघून सांगतो," काटेवाला म्हणाला. बघितलं नाही, सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा गेल्या वर्षीचंच पाठवलं. दुकानात तो भाजीवालीच्या काट्याची स्प्रिंग काढत होता तेव्हा आत्याचा फोन आला.

"अरे, आज तुझी बायको बोलली."

त्याच्या हातातली पक्कड तशीच राहिली.

"शेवटी. तुझं आमेन झाल्यावर. 'अहो, दूध गेलं ना उतू, तुमचं आमेन होईस्तोवर!' म्हणाली. ऐकलं नाहीस ना तू? न ऐकताच पाठवतोस. मी त्या बिचाऱ्या कारकुनाला उगाच झोडपलं. ये इकडे."

फोन ठेवून त्याने ते वाचन लावलं. बायकोचा आवाज आला, अगदी तसाच, चिडका आणि हसरा. त्याने पुन्हा लावलं. रडू आलं नाही. त्या दिवशी शेगडी आपण पुसली होती, एवढंच आठवलं. मग त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि बस पकडली.

आत्याच्या खोलीत औषधांचा वास होता. पलंगाशेजारी स्टुलावर पुस्तिका, चष्मा आणि पाण्याचा तांब्या. तिने त्याला बसही म्हटलं नाही.

"देवाने रानात रोजच्या रोज खायला दिलेला मान्ना साठवून ठेवला की दुसऱ्या दिवशी काय होतं? शब्बाथ शाळेत काय फक्त खाऊ खायला यायचास?"

"किडे पडतात," तो म्हणाला.

"मग?"

"आत्या, मला काही वाटत नाही."

"कशाचं?"

"कशाचंच. तिचं नाही, देवाचं नाही. लोकांना धीर देतो आणि आत सगळं कोरडं. हे ढोंग झालं. रविवारी पाळकसाहेबांना सांगून सोडून देतो. एकदा गेलो होतो सांगायला, वर्गणी भरून परत आलो."

आत्याला हसू फुटलं आणि खुबा दुखल्याने ती कळवळली. "हसवू नकोस मेल्या." मग कूस सावरून ती म्हणाली, "वॉर्डात माझ्या हाताला कितीतरी वर्षं काही वाटत नव्हतं. जखमा बांधायचे. बांधलेली जखम बरी व्हायची. माझं मन कुठे होतं, हे रोग्याने कधी विचारलं नाही."

"ती पट्टी होती, आत्या. हे वचन आहे."

"तेच तर. पट्टी तुझी नाही, वचनही तुझं नाही." ती खेकसली, पण लगेच तिचा आवाज उतरला. "मी सकाळची वाट बघत पडलेली असते रे. तू सोडलंस तर मी एकटी बोट फिरवत बसू? आणि तुला कोण वाचून दाखवतं? सहा वर्षं सगळ्यांना वाढतोस, तुझ्या ताटात कोण वाढतं?"

पूर्वी निकाल देणारी होती, एवढं त्याच्या मनात आलं.

"चष्मा दे इकडे," आत्या म्हणाली. तिने त्या दिवसाचं पान काढलं आणि वाचायला लागली. तिला धाप लागत होती, मधेच ओळ सुटत होती. दोनदा त्यानेच सुटलेली ओळ दाखवली. पान मेंढरू हरवलेल्या मेंढपाळाचं होतं, साधंच. तो ऐकत राहिला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलीची घंटी वाजवत होतं.

"काही वाटलं?" तिने विचारलं.

"नाही."

"नसेल वाटलं. उद्या पुन्हा वाचते. आधी मी तुला, मग तू बाकीच्यांना. पाच वाजता फोन करीन. झोपलास तर तुझी खैर नाही."

रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी त्याला दारातच गाठलं. "आत्या म्हणत होत्या, काही सांगायचं होतं तुम्हाला?"

"कारकुनाची काही चूक नव्हती," काटेवाला म्हणाला. "मी गेल्या वर्षीची वाचनं पाठवत होतो. आता नाही पाठवणार. वाचीन."

तेव्हापासून पाच वाजता फोन वाजतो. आत्या धापा टाकत वाचते, तो टेबलाशी बसून ओळीखाली बोट फिरवतो, मग स्वतः वाचून पुढे पाठवतो. अजून फारसं काही वाटत नाही. पाठवण्याआधी मात्र तो एकदा ऐकतो.

आत्याकडे गेला त्या दिवशी गडबडीत पाकीट दुकानातच राहिलं होतं, खिशातली चिल्लर जातानाच संपली. परतीच्या बससाठी आत्याकडून घेतलेले पंधरा रुपये अजून द्यायचे आहेत.