दोष टोपीचा

जगात जे जे बिघडतं ते चुकीच्या टोपीमुळेच, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. टोपी डोक्यावरची नव्हे, बंदुकीची. कुरखेड्याच्या बाजूला जंगलाला लागून त्यांची धानाची शेती आहे आणि रानडुकरं हुसकावायला वडिलांच्या वेळेपासूनची परवान्याची भरमार बंदूक. नळीत तोंडाकडून दारू ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. साध्या माणसाच्या दृष्टीनं गोष्ट इथे संपते, साडूभाऊंची इथून सुरू होते. "मास्तर, घोडा पडला न् बार उडाला, याच्या मधात बंदूक विचार करते," एका लग्नाच्या पंगतीत जिलबी हातात धरून ते मला समजावत होते. "जेवढा विचार जास्त, तेवढा नेम हालते. विचार न करणारी टोपी पायजे." जिलबीचा पाक मनगटावरून कोपरापर्यंत गेला तरी व्याख्यान चालूच होतं.

त्यांच्याकडे टोप्यांचे तीन डबे होते: एक नागपूरच्या, एक हैदराबादच्या आणि एक वडिलांच्या वेळच्या. ओल लागू नये म्हणून हे डबे ताईंच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, तांदळाच्या कोठीत पुरलेले असत. एकदा माझ्या पानातल्या भातातून टोपी निघाली. मला काही झालं का, हे विचारायचं सोडून त्यांनी ती पुसली, हुंगली आणि वहीत लिहिलं, "शिजली. आकार कायम." या वहीत प्रत्येक बाराची नोंद असे: टोपी कोणती, हवा कशी, त्या दिवशी भाजी कोणती खाल्ली होती. माझी मोटारसायकल सकाळी सुरू झाली नाही की ते ओट्यावरूनच निदान करत, "टोपी थंडी हाय तिची." मी एखाद्या प्रश्नाला जरा थांबून उत्तर दिलं, तर माझ्याकडेही त्याच नजरेनं बघत.

आता नेमाचं. बांधाला टेकवून ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर त्यांनी एकदा माझ्यादेखत पाच गोळ्या झाडल्या. डबा होता तसाच राहिला. पाचही गोळ्या डाव्या हाताला, बांधाच्या मातीत, तळहाताएवढ्या जागेत रुतल्या होत्या. मला वाटलं, आता चेहरा पडेल. पण ते नाचायचेच बाकी होते. "पाहा मास्तर! पाचही एका जागी! नागपूरची टोपी!" मग त्यांनी डबा उचलून त्या भोकांसमोर नेऊन ठेवला, सहावी गोळी झाडली आणि डबा उडाला. "बंदुकीले काऊन बदलवाचं? डब्बाच चुकीच्या जागी होता," ते म्हणाले. गंमत म्हणजे डुकरांवर त्यांनी आयुष्यात गोळी झाडली नाही. त्यांच्यासाठी फक्त आवाज, नळी आभाळाकडे करून. पण आभाळाचासुद्धा ते नेम धरत.

गेल्या वर्षी ताईंचा संयम संपला. डुकरांनी लागोपाठ दोन सालं धान नासवलं होतं. "औंदाबी धान गेलं, तर बंदूक ठाण्यात जमा करा न् कुंपणाच्या तारेत करंट सोडणारं झटका मशीन बसवा," त्यांनी बजावलं. साडूभाऊंनी शब्द दिला. दिवाळीच्या सुटीत मी तिथेच होतो. धान कापणीला आलेलं. दिवस मावळायला आला आणि डुकरांचा कळप पिलांसकट बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शिरला. साडूभाऊंनी दारू ठासली आणि तिन्ही डबे उघडले. हवेत ओल होती म्हणून नागपूरची नको, वारा पूर्वेचा म्हणून हैदराबादची नको, वडिलांच्या वेळची वाया घालवावीशी वाटेना. मी हात जोडले, "भाऊजी, कोणतीही लावा!" "कोणतीबी?" ते दुखावून म्हणाले. तोवर अर्धी बांधी आडवी झाली. शेवटी ताई घरातून परात आणि पळी घेऊन धावत आल्या आणि असा काही दणका दिला, की डुकरं थेट जंगलात. साडूभाऊंनी शांतपणे वही काढली: "परात. विचार शून्य."

शब्दाला मात्र माणूस पक्का. आठवड्याच्या आत ते माझ्या मागे बसून ठाण्यात आले आणि बंदूक, टोप्या, सगळं जमा केलं. पावती त्यांनी घडी करून वहीत ठेवली.

यंदा गेलो तेव्हा शेताभोवती झटक्याच्या तारा होत्या आणि धान उभंच्या उभं होतं. मी ताईंना म्हटलं, तुमचं बरं झालं. त्या चुलीशी बसल्या होत्या, वर बघितलंच नाही.

"बरं झालं जी. पण संध्याकाळी बार ऐकू आला का मले समजे, माणूस बांधीतच हाय, बरा हाय. मंग मी भात चढवत होती. आता वाघ फिरून राह्यला इकडं, न् ते मशीन काई सांगत नाई."

असं म्हणून त्या उठल्या, भात तसाच ठेवला आणि दिवस मावळायच्या आत साडूभाऊंना आणायला शेताकडे निघाल्या. आता त्या रोजच जातात.