डावीकडची भिंत

दातांच्या दवाखान्यातला कॉम्प्रेसर सकाळी अकराला बंद पडला, डॉक्टरांनी सगळ्या पेशंटना पुढची वेळ देऊन परत पाठवलं, आणि म्हणून तिथे कामाला असलेली सून त्या दिवशी भरदुपारी घरी आली. एरवी ती संध्याकाळी सहाच्या आत कधी यायची नाही.

दार उघडून ती आत आली आणि एक चप्पल काढून, दुसरी पायातच ठेवून उभी राहिली. टीव्ही चालू होता. सोफ्याच्या टोकावर सासूबाई बसल्या होत्या. पाठ ताठ, गणवेशाच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात गेमचा कंट्रोलर. आणि पडद्यावर, एका जळत्या पुलावर, सुनेचा सामुराई भालेवाल्या राक्षसाला असा काही नाचवत होता की बघत राहावं.

"आई?"

"थांब जरा. याचा दम संपू दे."

राक्षसाचा दम संपला, त्यानं भाला टेकला. सासूबाईंनी अंगठा किंचित हलवला. सामुराई खाली वाकला, बाजूला सरकला आणि एका घावात राक्षस पुलाखाली गेला. 'मिशन पूर्ण' अशी मोठी अक्षरं आली. मग कुठे सासूबाईंनी मान वळवली. दूध पिताना पकडलेल्या मांजरीसारखा चेहरा झाला होता.

"तू आज लवकर कशी?"

हा गेम सुनेचा. हौसेनं घेतलेला. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे सासूबाईंच्या मुलानं, दुसऱ्याच मिशनला हात टेकले होते. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करणारा तो माणूस, पण "हा खेळ माणसांसाठी नाही, वेताळांसाठी आहे" म्हणून जो उठला तो परत बसला नाही. गेम होताच तसा. मेलात की कमावलेले सगळे गुण मेल्या जागी पडून राहायचे. पुन्हा तिथवर जिवंत पोचलात तर तुमचे, वाटेत परत मेलात तर गंगार्पण. सून स्वतः किल्ल्याच्या दरवाजाशी तीन महिने अडकली होती आणि शेवटी तिनंही नाद सोडला होता. सोडला तेव्हा तिचा सामुराई एकतिसाव्या लेव्हलवर होता.

तिनं पडद्याचा कोपरा पाहिला. चौऱ्याण्णव.

"हे तुम्ही केलंत?"

"मग काय भुतानं?"

"पण का?"

"शेल्फ पुसताना ते बटण दाबलं गेलं. बघते तर हा बिचारा त्या दरवाजासमोर उभा. एकटाच. म्हटलं, कुठेतरी पोचवू तरी."

सासूबाई बस चालवत. सव्वीस वर्षं झाली. नवरा गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. माहेरी परत जाण्याऐवजी त्यांनी पाण्याच्या टँकरवर गाडी शिकून घेतली. डेपोत पहिल्या दिवशी सीट पुढे ओढायला तिघं लागली होती, कारण बाईंची उंची पाच फूट पाऊण इंच आणि ती सीट बनवली होती एखाद्या पहिलवानाच्या मापानं. "आता बस दिसेल, चालवणारा दिसणार नाही," असं कोणीतरी म्हणालं होतं. पण महिन्याभरात त्यांचं नाव 'लोणी' पडलं. त्यांचा ब्रेक लागलेला कळायचाच नाही. उभ्या माणसाच्या हातातल्या पेल्यातला चहा हलायचा नाही, असं कंडक्टर लोक शपथेवर सांगत. सव्वीस वर्षांत एक अपघात नाही. डेपोच्या भिंतीवर तसं लिहिलेला बोर्डही होता, आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

त्यांची ड्युटी दोन तुकड्यांत असे. पहाटे पाच ते दहा, मग दुपारी तीन ते आठ. मधले चार-पाच तास त्या घरी असत. त्या वेळात त्या झोपतात, असा घरातल्या दोघांचा समज होता.

"हे बघ." सासूबाईंनी उशीखालून वही काढली. आता पकडलीच गेलेय तर दाखवूनच टाकू, असा आवेश होता. "प्रत्येक मिशनची फेरी लिहून ठेवलीय."

वही खरोखरच फेरीपत्रकासारखी होती. मेल्यावर सामुराई जिथे पुन्हा उभा राहतो त्या देवळांच्या जागी 'थांबा' लिहिलं होतं. 'पूल: तिसरी फळी मोडते. धनुष्यवाला छपरावर, आधी त्याला. विहिरीपाशी वेग कमी.' एकेक मिशन संपल्यावरही त्या ते पुन्हा पुन्हा खेळत. अंगाला ओरखडा न लागता पार पडलं की मगच पुढचं.

"नव्या रस्त्यावर आधी रिकामी गाडी न्यायची. मग माणसं भरायची. तू काय केलंस? मिळाले गुण की घातले सगळे तलवारीत! इंजिन हे एवढं आणि ब्रेकचा पत्ता नाही. मी सगळे दमात घातले. दम असला की माणूस मागे सरकू शकतो."

सून मटकन खालीच बसली. हसावं की चिडावं तिला कळेना. सहा वर्षं ती या बाईंच्या घरात राहत होती. भाजी, गॅस, दवाखाना, डेपो यापलीकडे दोघींचं बोलणं गेलं नव्हतं. आणि या बाई तिला सामुराईचे पवित्रे शिकवत होत्या.

"आता कुठल्या मिशनला आलात?"

"जुळे भाऊ. आठवडा झाला. मघाचा पूल नुसता हात मोकळा करायला. दोघं मोठे, ते काही नाही, त्यांचं सगळं मला पाठ आहे. पण मध्येच एक फडतूस विळावाला येतो ना, तो मारतो. लबाडी आहे ती गेमची."

"दाखवा."

सासूबाईंनी सुरू केलं. सून पाय पोटाशी घेऊन बघत राहिली. थोरला भाऊ उजवा खांदा खाली घ्यायचा, मग तीन वार. पहिला वार येण्याआधीच सासूबाई त्याच्या बगलेतून पलीकडे गेलेल्या असत. धाकट्याचा बाण त्या तलवारीनं असा उडवत, जसा वाटेवरचा खडा पायानं उडवावा. थोरला पडला. धाकट्यात पाव जीव उरला. तेवढ्यात पडद्याच्या डाव्या बाजूनं विळावाला आला. पळत नाही, लपत नाही, चालत. पहिल्या मिशनपासून भेटणारा, एका फटक्यात मरणारा साधा शिपाई. तो आला, थांबला, त्यानं विळा उचलला.

सामुराई मेला.

"बघ! आला कुठून मेला?"

सून खदखदून हसली. "आई, समोर तर होता! चालत आला अख्ख्या अंगणातून!"

"काहीतरीच. होता तर दिसला नसता मला?"

"परत खेळा."

परत तेच झालं. विळावाला डावीकडून आला, शांतपणे चालत, आणि सासूबाईंनी बोटसुद्धा हलवलं नाही. "आला कुठून?" त्या म्हणाल्या. या वेळी सून हसली, पण अर्ध्यावर थांबली. तिसऱ्या वेळी तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही. तिनं सासूबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे लख्ख उघडे होते. विळावाला पडद्यावर होता आणि डोळ्यांना त्याची खबरच नव्हती.

तिनं वही ओढून घेतली. शेवटच्या पानांवर सासूबाईंनी आपली मरणं मांडली होती. कुठे, कशानं, कोणाकडून, डेपोत अपघात नोंदवतात तशी. एकूण एक्केचाळीस. दोन 'पाण्यात पडून'. एक 'शिंक आली'. उरलेल्या अडतीसांपुढे एकच शेरा होता: 'आला कुठून?'

आणि सगळ्या फेऱ्यांत, प्रत्येक मिशनच्या पहिल्या ओळीत, अधोरेखित केलेलं होतं: 'भिंत डावीकडे ठेवणे.'



"आई, माझ्यासमोर बसा. इथे, स्टुलावर. माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही."

"दात बघतेस की काय?"

"बघा हो नाकाकडे."

तिनं आपले दोन्ही हात बाजूंना पसरले. आधी एका हाताची बोटं हलवली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "बोटं हलवतेयस." मग दुसऱ्या हाताची, सासूबाईंच्या डाव्या बाजूची. सासूबाई तिच्या नाकाकडे बघत वाट पाहत राहिल्या. हात जवळ आला. अजून जवळ. सून बोटं हलवत होती, टीव्हीचा रिमोट उचलून हलवत होती, सासूबाईंच्या कानापासून वीतभर अंतरावर.

"सुरू कर की," सासूबाई म्हणाल्या.

तिनं त्यांचा एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. तेच. हात नाकासमोर आला तेव्हा कुठे त्या दचकल्या, कोणीतरी भिंतीतून हात बाहेर काढावा तशा.

"आई, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

"वेडी आहेस. दर वर्षी डोळे तपासतात. शेवटची ओळसुद्धा वाचते मी घडाघडा."

"ओळ सरळ बघून वाचता. बाजूचं दिसत नाही."

"अगं, आंधळ्याला काळं दिसतं. मला कुठे काळं दिसतंय?"

"काय दिसतं मग डावीकडे?"

सासूबाई तोंड उघडून थांबल्या. "काही नसतं," त्या म्हणाल्या. "डावीकडे काही नसतंच ना."

टीव्हीवर मेलेला सामुराई देवळापाशी पुन्हा उभा राहून वाट बघत होता. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. अडीचला सासूबाई डेपोला निघत.

त्या उठल्या. बाह्या खाली केल्या, बटणं लावू लागल्या. "संध्याकाळी बघू. आज तर उशीर नकोच. डेपोतल्या त्या मेल्या टाइमकीपरनं आज दुपारपासून उलटी फेरी दिलीय."

"उलटी म्हणजे?"

"गोल फेरी नाही का आपली. पाणीपुरवठ्याच्या आवाराभोवती. मी नेहमी सुलटी घेते. सरळ काम, डावीकडे आवाराची भिंत, ना गल्ली ना चौक. उलट्या फेरीत भिंत येते उजवीकडे आणि डावीकडून सगळ्या वस्तीचे रस्ते..."

बटणावरचा हात बटणावरच राहिला.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी बाजारपेठेची चांगली फेरी सोडून ही गोल फेरी मागून घेतली होती. कोणाला नको असलेली, घाण्याच्या बैलाची फेरी. घरात सगळे हसले होते. मुलगा म्हणाला होता, आईला आता चक्कर आवडायला लागली.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही गं." सासूबाई सोफ्याच्या हातावर टेकल्या. "देवाशपथ नाही. बाजारपेठेत डावा आरसा दोनदा फुटला. म्हटलं, खांब फार पुढे आलेत. मग एकदा एका सायकलवाल्यानं येऊन काच वाजवली. शिव्या घातल्या. बाई, मारलं असतं मला, म्हणाला. मी म्हटलं, प्यायलाय. मला वाटलं, गर्दी फार झालीय तिकडे. निवांत फेरी बघावी."

"आज जायचं नाही."

"एक दिवस. सुलटी मागून घेते."

"नाही."

"तू कोण मला सांगणारी?" आवाज एकदम चढला. "सव्वीस वर्षं! दोन राहिलीत. घरी बसून काय करू, ही असली चित्रातली माणसं मारू?"

"तुम्ही गेलात तर मी टाइमकीपरला फोन करीन."

"करशील?"

"करीन."

"मग मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"नका बोलू," सून म्हणाली. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. एक चप्पल अजून पायात होती.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या परत येऊन स्टुलावर बसल्या आणि सुनेच्या नाकावर नजर लावली.

"परत कर."

सून समोर आली. तिनं हात पसरला.

"हलवतेयस?"

"हलवतेय."

"अजून?"

"अजून."

"जवळ आण. आणलास?"

"तुमच्या कानाशी आहे, आई."

त्यांनी चार वेळा करायला लावलं. पाचव्या वेळी त्यांनी नजर न हलवता आपला डावा हात उचलला आणि चाचपडत सुनेचं हलणारं बोट पकडलं. पकडलेलं बोट दिसत नव्हतं, पण हाताला लागत होतं.

"बापरे," त्या म्हणाल्या. "रोज चार-साडेचारशे माणसं बसायची गं माझ्या गाडीत."

सुनेनं फोन पुढे केला. त्यांनी तो न घेता स्वतःचा काढला आणि नंबर लावला. पलीकडून टाइमकीपरचा खणखणीत आवाज खोलीभर ऐकू आला. "बोला लोणीबाई! उलट्या फेरीला घाबरलात की काय?"

"आज गाडीवर दुसरा माणूस दे."

"रजा? तुम्ही? अहो, सूर्य कुठे उगवला आज?"

"रजा नाही. माझं नाव काढ ड्युटीच्या फळ्यावरून. मला डावीकडचं दिसत नाही."

टाइमकीपर हसला. मग हसायचा थांबला. "कधीपासून?"

सासूबाईंनी अजून सुनेचं बोट सोडलं नव्हतं.

"तीन वर्षं झाली असतील," त्या म्हणाल्या. "लिहून घे."

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. मग टाइमकीपरनं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.